गुरांचे डाग आणि कागदांचे रुमाल

महजर, सनदा, करीने व ताम्रपट यांची संगत या त्रैमासिकाच्या वाचकांस नित्याची आहे. गुरांच्या पुठ्ठ्यावर तापलेल्या लोखंडानें उठविलेला डाग, कांटेरी तारेचा वीतभर तुकडा किंवा जमिनींतलें पाणी ओढणारी पवनचक्की हीं इतिहासाचीं साधनें म्हणून त्यांच्यापुढें क्वचितच मांडलीं जातात. अमेरिकेंतील टेक्सास राज्याच्या उत्तर भागांत शेतकी व पशुपालन यांचा वारसा जतन करणारीं दोन संग्रहालयें पाहण्याचा योग आम्हांस आला. एक लबक शहरीं, दुसरें तेथून उत्तरेस सुमारें शंभर मैलांवर कॅनियन या गांवीं. पहिल्यांत मुख्यत्वें घरें आहेत. दुसऱ्यांत वस्तूंबरोबर कागद आहेत. वस्तु, कागद व तोंडी परंपरा या तिहींचा एकमेकींशीं पडताळा घेतल्यावांचून गुराख्यांच्या या मुलुखाचा इतिहास लिहितां येत नाहीं, हें तेथें जितकें उघड दिसतें तितकें आमच्या पाहण्यांत अन्यत्र आलेलें नाहीं. म्हणून हा लेख.

या मुलुखास पॅनहँडल म्हणतात, म्हणजे तव्याचा दांडा. नकाशावर टेक्सासचा हा चौकोनी भाग तसा वर निघालेला दिसतो. जमीन बहुतेक सपाट, झाड औषधालाहि नाहीं. या पठारास स्पॅनिश लोकांनीं यानो एस्ताकादो असें नांव दिलें. पठाराच्या पूर्व कडेस पालो ड्यूरो नांवाची खोल दरी आहे. 1874 च्या सप्टेंबरच्या 28 तारखेस कर्नल रॅनल्ड मॅकेन्झी यानें या दरींत उतरून कोमँची, कायोवा व शायेन लोकांच्या छावण्या मोडल्या. माणसें थोडीं मेलीं; परंतु चौदाशेंच्या आसपास घोडे हातीं लागले, व त्यांतील हजारांहून अधिक मॅकेन्झीनें गोळ्या घालून मारविले. घोडा गेला, हिवाळ्याची बेगमी जळाली. मग लढावयाचें कशावर? पुढच्या वर्षीं जूनमध्यें क्वाना पार्कर आपल्या लोकांसह फोर्ट सिल येथें शरण आला. दरींतील त्या लढाईस दोन महिने पुरे होण्याच्या आंत, 24 नोव्हेंबर 1874 रोजीं, इलिनॉय राज्यांतील जोसेफ ग्लिडन नांवाच्या शेतकऱ्यास कांटेरी तारेचें पेटंट मिळालें. आणि 1876 सालीं चार्ल्स गुडनाइट सोळाशें गुरें घेऊन त्याच दरींत उतरला. दोन्ही संग्रहालयांतील या मुलुखाचें प्रत्येक खोगीर, प्रत्येक डागणी व तारेचा प्रत्येक नमुना या तीन गोष्टींच्या पाठोपाठ आलेला आहे, मग फलकावर तें लिहिलेलें असो वा नसो.

लबक येथील नॅशनल रँचिंग हेरिटेज सेंटर हें संग्रहालय 1976 च्या जुलैंत लोकांस खुलें झालें. रँच म्हणजे गुरांची विस्तीर्ण चराई व तिच्यावरील सारी व्यवस्था. मराठींत 'कुरण' म्हटलें तर जमीन येते पण माणसें राहून जातात, म्हणून मूळ शब्दच ठेवतों. मोकळ्या आवारांत सुमारें पन्नास वास्तु काळाच्या अनुक्रमानें मांडलेल्या आहेत. आरंभीं दक्षिण टेक्सासमधील अठराव्या शतकाच्या तटबंद स्पॅनिश घराची प्रतिकृति. मग 1838 च्या सुमाराची एल कापोते नांवाची लांकडी झोंपडी. पुढें मॅटाडोर रँचवरील अर्धें जमिनींत खणलेलें घर. लांकूड मिळेना म्हणून माणसानें मातींत शिरावें आणि वर थोडेंसें छप्पर काढावें, अशी ही रचना. आंत वांकून शिरल्यावर दोन माणसांस हिवाळा काढण्यापुरती जागा दिसते. लाखों एकरांच्या चराईवर राबणारा माणूस एवढ्याशा बिळांत निजत असे, हें कोणत्याहि जमाखर्चांत लिहिलेलें सांपडणार नाहीं. तें घरच सांगतें.

परंतु या आवाराची एक अडचण आहे, आणि हस्तलिखितें गोळा करणाऱ्यांस ती सांगावयास नको. हीं घरें येथलीं नव्हेत. शेंकडों मैलांवरून तीं सोडवून, उचलून, दगड न् दगड पुन्हां रचून येथें आणलेलीं आहेत. रुमालांतून सोडविलेला सुटा कागद जसा वाचतां येतो पण कोणाच्या दफ्तरांतला हें कळत नाहीं, तसें त्यांचें झालें आहे. लास एस्कार्बादास हें 1886 चें दगडी घर घ्या. पुढें ज्याचें वर्णन येणार आहे त्या एक्स. आय. टी. रँचच्या एका विभागाचें हें ठाणें. तें मूळचें डेफ स्मिथ काउंटींतील तिएर्रा ब्लांका नांवाच्या ओढ्याकांठचें. ओढ्याच्या कोरड्या पात्रांत हातांनीं उकरून काढलेले झरे, म्हणजे ज्यास आपण झिरे म्हणतों, असा त्या स्पॅनिश नांवाचा अर्थ. लबकच्या आवारांत ओढा नाहीं व झिरेहि नाहींत. भिंती आल्या, पाणी मागें राहिलें. मात्र नांव बरोबर आलें, आणि आमच्या मतें तेंच त्या घरांतील सर्वांत जुनें साधन आहे. इंग्रजी बोलणाऱ्या मालकांनीं बांधलेल्या ठाण्यास स्पॅनिश नांव कां? कारण त्यांच्या अगोदर न्यू मेक्सिकोकडून मेंढरें घेऊन येणारे लोक तेथें पाणी उकरीत होते.

हा धागा एकदां हातीं लागला म्हणजे सर्व संग्रहालय निराळें दिसूं लागतें. रँच हा शब्द स्पॅनिश 'रांचो' पासून. गुरांचा कोंडवाडा तो 'कॉरल'. फेंकावयाचा फांस तो 'लासो', आणि त्याच्या दोरास 'लॅरिअट' म्हणतात तें 'ला रेआता' चें रूप. राखीव घोड्यांच्या तांड्यास 'रेमूदा' म्हणतात तो शब्द तर जसाचा तसा राहिला आहे. खुद्द गुराख्यास कांहीं भागांत 'बकारू' म्हणतात. तो 'वाकेरो' या शब्दाचा अपभ्रंश. आपल्या जुन्या दफ्तरांत जमीन, वसूल, हवालदार हे शब्द पाहून राज्यव्यवस्था कोणाकडून आली हें ज्या रीतीनें ओळखावें, त्याच रीतीनें हेंहि ओळखावें. टेक्सासमधील गुराख्याचा धंदा मेक्सिकन वाकेरोनें शिकविला. चित्रपटांनीं त्याची टोपी घेतली व नांव विसरून गेले.

आतां कागदांकडे वळूं. 1876 च्या राज्यघटनेप्रमाणें टेक्सासनें नवीन राजधानी-भवनासाठीं जमीन राखून ठेविली. 1879 सालीं 30,50,000 एकर पॅनहँडलांत निश्चित झाली. पैकीं तीस लक्ष एकर इमारतीच्या मोबदल्यांत व पन्नास हजार मोजणीच्या खर्चांत. सरकारपाशीं रोकड नव्हती, रान उदंड होतें. जुनें भवन 1881 च्या नोव्हेंबरांत जळालें, त्यामुळें काम निकडीचें झालें. शिकागोचे फार्वेल बंधु, ॲब्नर टेलर आदि भांडवलवाल्यांच्या मंडळीनें तें पत्करलें. 1888 सालीं ऑस्टिन येथें तांबड्या ग्रॅनाइटची इमारत उभी राहिली. जमिनीवर गुरें घालण्यास भांडवल हवें म्हणून 1885 सालीं लंडनमध्यें एक कंपनी काढली, आणि त्याच वर्षीं पहिला कळप आला. हीच एक्स. आय. टी. रँच. भर वैभवाच्या काळांत तिच्यावर दीड लक्ष गुरें होतीं, कुंपणांनीं तिचे 94 भाग पाडले होते, आणि कुंपणाची लांबी सुमारें पंधराशें मैल होती. एका इमारतीच्या दामांत दिलेलें हें रान आपल्याकडील कित्येक संस्थानांहून मोठें!

या रँचचे हिशेब, पत्रव्यवहार व इतर कागद कॅनियन येथील पॅनहँडल-प्लेन्स ऐतिहासिक संग्रहालयांत आले. तें ज्या सोसायटीचें तिची स्थापना 1921 सालीं तेथील शिक्षक-विद्यालयांत झाली. हॅटी अँडरसन या इतिहासाच्या अध्यापिका त्यांत प्रमुख होत्या. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाहून ही सोसायटी अकरा वर्षांनीं धाकटी. 1928 पासून तिनें आपलें वार्षिक काढलें, आणि 1933 च्या एप्रिलांत पायोनियर हॉल ही वास्तु उघडली. दारांभोंवतींच्या दगडांत त्या भागांतील रँचांचे डाग कोरलेले आहेत. मोडी न येणाऱ्यास मोडी कागद जसा दिसतो तसेच हे डाग अनभिज्ञास दिसतात. पण त्यांस वाचण्याचे नियम आहेत. डावीकडून उजवीकडे व वरून खालीं वाचावें. अक्षर आडवें पडलेलें असेल तर तें 'आळशी', खालीं कमान असेल तर 'डोलणारें', पंख काढले असतील तर 'उडतें'. काउंटीच्या कारकुनाच्या दफ्तरांत नोंद झाल्यावांचून डागास कायद्याचा आधार मिळत नसे. बादशाही लष्करांतील दाग व चेहरा ज्यांनीं अभ्यासिला आहे त्यांस या डागवह्यांचें मोल निराळें सांगण्याची गरज नाहीं. जनावर मरतें, कातडें विकलें जातें. मालकी राहते ती वहींत.

एक्स. आय. टी. या डागाचीच कथा पाहा. ही रँच दहा काउंट्यांत पसरलेली, रोमन अंकांत दहा म्हणजे एक्स, पुढचीं दोन अक्षरें 'टेक्सासमध्यें' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं. म्हणून 'टेक्सासांतील दहा', असा अर्थ सर्वतोमुखीं आहे. व्युत्पत्ति गोड आहे, आणि इतक्या गोड व्युत्पत्तीविषयीं संशय घ्यावा हें आपणांस स्थलनामांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. दुसरी हकीकत अशी कीं, 1885 सालीं पहिला कळप पोंचविणारा ॲब ब्लॉकर यानें हा डाग सुचविला, आणि धुळींत बुटाच्या टाचेनें काढून दाखविला. हीहि तोंडीच हकीकत. परंतु तिला लोखंडाची साक्ष आहे. एकाच सरळ पट्टीच्या डागणीनें पांच वेळां दाबलें कीं तिन्ही अक्षरें उमटतात: पहिल्यास दोन रेघा, दुसऱ्यास एक, तिसऱ्यास दोन. हजारों वासरें डागावयाचीं असतां ही सोय लहान नव्हे. शिवाय चोरास हा डाग बदलणें कठीण. एका चोरानें त्याचा तारा व क्रूस केला अशी दंतकथा आहे खरी. तिच्यावरूनहि डाग अवघड होता एवढेंच दिसतें. म्हणून दहा काउंट्यांचा अर्थ मागाहून चिकटला, हें मत आम्हांस ग्राह्य वाटतें.

या रँचच्या कागदांपैकीं 1888 च्या जानेवारीचे सामान्य नियम विशेष वाचनीय आहेत. नियम तेवीस. गुराख्यांनीं पिस्तुलें बाळगूं नयेत, जुगार खेळूं नये, दारू आणूं नये, असें त्यांत बजाविलें आहे. काउबॉय म्हटला कीं कमरेला पिस्तूल, समोर पत्ते व हातांत पेला अशी जी मूर्ति जगभर पोंचली आहे, तिच्या तिन्ही लक्षणांस मनाई करणारा हा कागद. आतां नियम केला म्हणजे तो पाळला गेला असें नव्हे. मनाईहुकूम हा बहुधा त्या गोष्टी चालत असल्याचाच पुरावा असतो. तरी मालकाच्या दृष्टीनें हा धंदा साहसाचा नसून पगारी नोकरीचा होता एवढें त्यावरून निर्विवाद सिद्ध होतें.

हे कागद व म्हाताऱ्या गुराख्यांच्या जबान्या गोळा करण्याचें काम सोसायटीतर्फें जे. एव्हेट्स हॅले यानें 1925 पासून केलें. मोटारींतून रँचोरँचीं हिंडावें, वृद्धांस बोलतें करावें, ट्रंकांतलीं पत्रें मागून घ्यावीं, हा त्याचा क्रम. खुद्द गुडनाइटच्या तोंडून त्यानें पुष्कळ उतरवून घेतलें, तें वेळेवर झालें. गुडनाइट 1929 च्या डिसेंबरांत वारला. त्याच वर्षीं हॅलेचा एक्स. आय. टी. रँचवरील ग्रंथ शिकागो येथें छापून निघाला, आणि त्यांत गुरेंचोर म्हणून ज्यांचा उल्लेख आला त्यांच्यापैकीं कांहींनीं अब्रूनुकसानीच्या फिर्यादी केल्या. ग्रंथ विक्रींतून काढून घ्यावा लागला. सुधारलेली आवृत्ति निघाली ती 1953 सालीं. पहिली आवृत्ति संग्राहकांत दुर्मिळ कां, याचें हें कारण. तोंडी पुरावा किती गोळा करावा यास मर्यादा नाहीं. पण हयात माणसांविषयींचा छापावा केव्हां, हा प्रश्न तेथें कोर्टापर्यंत गेला.

तेव्हां कागद हेंच अखेरचें प्रमाण असें कोणी समजूं लागल्यास त्यास मॅटाडोर रँचची गोष्ट सांगावी. ही कंपनी 1882 सालीं स्कॉटलंडांतील डंडी शहरीं निघाली व 1951 पर्यंत चालली. तिचे कागद लबकच्या विद्यापीठांत आहेत. त्या काळीं ब्रिटिश भांडवलवाले गुरें विकत घेत तीं पुष्कळदां 'वहीवरून' घेत. प्रत्यक्ष गणती करावयाची तर शेंकडों मैल रान धुंडावें लागे. म्हणून विकणाऱ्याच्या वहींतील आंकडाच धरीत. आरंभींचीं गुरें अमुक, दरसाल वासरें इतकीं, विक्री व मर वजा; बाकी तीं रानांत आहेत असें मानावयाचें. हिशेब बिनचूक, बेरीज बरोबर, आणि गुरें नाहींत! 1886 च्या जानेवारींत बर्फाचें वादळ झालें, तेव्हां पॅनहँडलाच्या उत्तर भागांत आडव्या घातलेल्या सुमारें दोनशें मैल कुंपणापाशीं वाऱ्यापुढें पळणारीं गुरें अडकून थव्याथव्यानें मेलीं. वह्यांतलीं गुरें मात्र त्या दिवशींहि जिवंत होतीं. गुराख्यांच्या आठवणी व तो तारेचा तुकडा नसता, तर केवळ वह्यांवरून इतिहास लिहिणारा डंडीच्या भागीदारांइतकाच फसला असता.

ज्यांचा कागदच झाला नाहीं त्यांचें काय? दरींत उतरण्यापूर्वीं गुडनाइटनें न्यू मेक्सिकोच्या मेंढपाळांशीं बोलणें केलें: कॅनेडियन नदीचें खोरें त्यांचें, पालो ड्यूरो आपली. करार तोंडीच होता. पुढें तार आली, कंपन्या आल्या, आणि मेंढपाळांच्या वस्त्या उठल्या. गुडनाइट व आयरिश धनिक जॉन अडेर यांचा 1877 चा भागीदारीचा करार मात्र लेखी होता, आणि त्यांच्या जे. ए. रँचचा इतिहास विस्तारानें लिहिला गेला. बोज आयकर्ड हा जन्मानें गुलाम असलेला काळा गुराखी गुडनाइटचा सर्वांत विश्वासू माणूस. 1929 सालीं तो वारला तेव्हां गुडनाइटनेंच त्याच्या थडग्यावर दगड बसविला. त्या दगडामुळें आयकर्डचें नांव आपणांस कळतें. असा दगड ज्यांच्या वांट्यास आला नाहीं ते काळे गुराखी पुष्कळ होते. जंगली म्हशींसारख्या बायसन या जनावरांचा संहार चालला असतां गुडनाइटच्या पत्नीनें, मेरी ॲन यांनीं, 1878 च्या सुमारास कांहीं पोरकीं पिलें वाढविलीं. त्यांच्या वंशांतील कळप 1997 सालीं राज्यास देण्यांत आला व कॅप्रॉक कॅनियन्स उद्यानांत आहे. पेटींत न ठेवतां जिवंत जतन झालेला असा संग्रह विरळाच.

शेतीकडे येतां पवनचक्कीचा उल्लेख आवश्यक आहे. एक्स. आय. टी. वर 1900 च्या सुमारास 325 पवनचक्क्या व शंभर बंधारे होते. लबकला शंभराहून अधिक चक्क्यांचें स्वतंत्र संग्रहालय आहे. आपल्या मोटेस बैल लागत, हिला वारा पुरे. या चक्कीनें गुरांची तहान भागली. पुढें रँचांचे तुकडे पडून नांगर आला, मोटारपंप आले, आणि त्याच भूगर्भांतील पाण्यावर कापूस पिकूं लागला. पाण्याची पातळी खालीं जात आहे. एक्स. आय. टी. चीं शेवटचीं गुरें 1912 सालीं विकलीं गेलीं, जमिनीचा शेवटचा तुकडा 1963 सालीं.

कॅनियनचें संग्रहालय आम्हीं पाहिलें तेव्हां तें उघडें होतें. 2025 च्या मार्चांत अग्निसुरक्षेच्या कारणावरून त्याचे दरवाजे लोकांस बंद करण्यांत आले. वास्तु विद्यापीठाच्या आवारांत, संग्रह सोसायटीनें शंभर वर्षें जमविलेला. अग्नीचें भय खोटें म्हणतां येणार नाहीं, कारण या मुलुखाची कथाच जळालेल्या राजधानी-भवनापासून वेग घेते. तथापि लबकची घरें जशीं आपल्या ओढ्यांपासून तुटलीं, तसा हा संग्रहहि वांटला जाऊन खोगीर एका गांवीं व त्याची वही दुसऱ्या गांवीं असें न होवो, एवढीच आमची चिंता आहे.

शेवटीं आपल्या वाचकांकडे एक मागणें आहे. टेक्सासच्या किनारी भागांतील गुरांस गोचिडांमुळें ताप येई. गोचीड हाच त्या रोगाचा वाहक हें 1893 सालीं सिद्ध झालें. हिंदुस्थानांतील गुरें गोचिडांस दाद देत नाहींत असें पाहून 1906 सालीं तेथील पिअर्स इस्टेटीसाठीं इकडून वळू नेण्यांत आले. पुढें अशा जनावरांच्या मिश्रणांतून जी जात तयार झाली तिला त्यांनीं 'ब्राह्मण' हें नांव ठेविलें. कोणत्या धर्मशास्त्राच्या आधारें, तें तेच जाणोत. तिच्या मूळ जातींत गीर, कांक्रेज व ओंगोल यांच्याबरोबर कृष्णाकांठची जात गणली जाते. कृष्णाकांठची ही जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण महाराष्ट्रांतील संस्थानिकांनीं पैदाशींतून सुधारली, असें पशुशास्त्राच्या ग्रंथांत नमूद आहे. काळ्या जमिनींत खोल नांगर ओढणारा हा बैल सांगली-मिरजेकडील वाचकांच्या आजोबांनीं दावणीस पाहिलेला असेल. पलीकडच्या टोकाची डागवही टेक्सासांत आहे. अलीकडच्या टोकाचे कागद, म्हणजे संस्थानी पागेचे व गोठ्याचे हिशेब, वळूंच्या खरेदीच्या याद्या, बाजाराच्या पावत्या, ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं नकला पाठविल्यास त्या याच पृष्ठांत छापूं. मोडी असल्यास मूळ प्रतीचें छायाचित्र सोबत असावें. आणि कागद ज्या रुमालांतून निघाला त्या रुमालांतील मागचापुढचा कागद कोणता, हेंहि कळवावें.